पोटातलं बोलणं

१

जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की पुढच्या खोलीतल्या कूलरमध्ये पाणी टाकायचं काम माझं. मे महिन्यात हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत दुपारचं कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं लावायची, पडदे ओढून घ्यायचे, मग घरात उरते ती कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. माझे सासरे, आनंदराव, त्या खोलीत दिवाणावर पडलेले असायचे. मी मधल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची. कंपनी शहराबाहेर मिहानमध्ये, पण मुलगी झाल्यापासून मी घरूनच काम करत होते. मुलीचं नाव भूमिका, आम्ही भूमी म्हणतो. तेव्हा ती दोन वर्षांची होती. नागसेन, माझा नवरा, सदरच्या एका बँकेत. तो संध्याकाळीच घरी यायचा.

त्या दुपारी बादली घेऊन मी दिवाणाजवळून गेले आणि थबकले.

आईंचा वास आला होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, तुळसाबाई. डिसेंबरात गेल्या. सकाळी उन्हात भाजी निवडत बसल्या होत्या, छातीत दुखतं म्हणाल्या आणि रिक्षा येईपर्यंत संपल्या. त्यांचा वास कसा होता ते सांगणं अवघड आहे. तेलाचा नव्हता, साबणाचा नव्हता. बाळंतपणानंतर मी तापाने फणफणले होते, तेव्हा त्या माझं डोकं मांडीवर घेऊन बसायच्या. त्यांच्या मानेपाशी यायचा तो वास. जरासा आंबूस, ऊबदार, उन्हात ठेवलेल्या पितळेच्या भांड्यासारखा.

आधी वाटलं, त्यांची एखादी साडी राहिली असेल कुठे. पण त्या गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर साड्या नातेवाइकांना वाटून झाल्या होत्या. उशांचे अभ्रेही बदलले होते. मी बादली खाली ठेवली आणि वास घेत घेत वाकले. दिवाणावर बाबा कुशीवर झोपले होते. वास त्यांच्या मानेतून येत होता.

२

खरं तर कारण शोधायला फार लांब जायची गरज नव्हती.

बाबा रेल्वेच्या अजनी लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. कणखर माणूस. मागच्या वर्षी पायाचं ऑपरेशन झालं, जखम चिघळली आणि महिनाभर जबर अँटिबायोटिक चालली. पाय बरा झाला, पण पोट बिघडलं ते बिघडलंच. दिवसरात्र जुलाब. बाबा अंथरुणाला खिळले, दंडाची कातडी लोंबायला लागली. धंतोलीतल्या एका दवाखान्यात डॉ. रितिका म्हणून पोटाच्या तज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं.

"आपल्या आतड्यात जिवाणूंचं एक मोठं गाव असतं," त्या म्हणाल्या. "अन्न पचवणं, वाईट जंतूंना पाय ठेवू न देणं, ही सगळी त्या गावाची कामं. औषधानं जखमेतले जंतू मेले, पण हे गावही उजाड झालं. रिकाम्या गावात एक गुंड येऊन बसलाय. त्याला हाकलायचा एकच उपाय आहे. गाव पुन्हा वसवायचं."

उपाय ऐकून नागसेनने खाली मान घातली. निरोगी माणसाच्या मळातले जिवाणू गाळून घ्यायचे आणि नळीने बाबांच्या आतड्यात सोडायचे. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. सगळ्यात ठणठणीत निघाल्या त्या आई.

"चाळीस वर्सं यायले शिजवून खाऊ घातलं," आई दवाखान्यातच मोठ्याने म्हणाल्या, "आता हे बी मीच देऊ काय?" नर्सा हसून हसून लोटपोट झाल्या. बाबा खाटेवर पडल्या पडल्या पहिल्यांदा हसले.

दोन डोस तयार केले. एक लगेच दिला, दुसरा लागलाच तर म्हणून खोल थंडीत गोठवून ठेवला. बाबा आठवड्यात उठून बसले. मग डिसेंबरात आई गेल्या. मार्चमध्ये बाबांची दाढ सुजली, कोणत्या तरी दवाखान्यातून गोळ्या आणल्या, आणि पोट पुन्हा बिघडलं. डॉ. रितिकांनी गोठवलेला डोस काढला. एप्रिलमध्ये बाबा परत ताटावर बसून दोन भाकरी खायला लागले.

म्हणून पुढच्या तपासणीला बाबांना घेऊन गेले तेव्हा मी डॉ. रितिकांना वासाचं विचारलं. त्या मुळीच चकित झाल्या नाहीत.

"घामाला स्वतःचा वास नसतो," त्या म्हणाल्या. "कातडीवरचे जिवाणू घाम खातात, वास त्यांचा. जन्मभर एकत्र राहिलेल्या नवरा-बायकोचे जिवाणू एकमेकांकडे जात-येत असतात. आता आतडं सुधारलं, की सगळ्या अंगात फरक पडतो. भूक, झोप, मनसुद्धा बदलतं. फक्त एक करा. मला विचारल्याशिवाय एकही अँटिबायोटिक देऊ नका."

मला हायसं वाटलं. आणि लपवण्यात अर्थ नाही, त्यानंतर मी दुपारी लॅपटॉप घेऊन पुढच्याच खोलीत, दिवाणाला पाठ टेकून खाली बसायला लागले. आईंची आठवण एकट्या बाबांना येत होती असं थोडंच आहे?

३

आई गेल्यापासून भूमी दुपारची झोपत नव्हती. तिला आजीच्या पोटावर झोपायची सवय. आजोबांच्या मिशा टोचतात म्हणून ती त्यांच्या जवळ फारशी जायची नाही.

एका दुपारी ऑफिसचा कॉल होता म्हणून मी मधल्या खोलीत बसले होते. कॉल संपला, कानातून हेडफोन काढला, तर पुढच्या खोलीतून भूमीचा आवाज.

"हो."

थोडा वेळ गेला.

"नाही."

मग जरा विचार करून, "बिस्कीट."

मी डोकावले. बाबा उताणे, गाढ झोपलेले, तोंड अर्धवट उघडं. भूमी त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसलेली आणि तिचा कान त्यांच्या पोटावर.

"कोणाशी बोलून राहिली बेटा?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, पण कान उचलला नाही. मोठी माणसं बोलत असताना लहानांनी मध्येच बोलावं तसं मी बोलले होते, असा काहीसा चेहरा तिचा. मग डोळे मिटून ती तिथेच झोपली. कित्येक महिन्यांनी दुपारची झोपली. मी तिला उचललं नाही.

आणि तेवढ्यात लाईट गेली.

कूलरचं पातं गरगरत मंद झालं, थांबलं. पाण्याचे दोन-चार थेंब टपकले. मग आमच्या घरात, गल्लीत, अख्ख्या हुडकेश्वरमध्ये कसलाच आवाज उरला नाही. त्या शांततेत मला ते ऐकू आलं.

पोटाचे आवाज मला ठाऊक होते. बाबांच्या आजारपणात मी ते रोज ऐकले होते. गुडगुड, खळखळ, पाइपातून पाणी उतरावं तसं. हे तसं नव्हतं. यात थांबणं होतं. थोडं पुढे जाऊन थांबायचं, मग जरा वर चढायचं, मग उतरत उतरत खाली यायचं. भिंतीपलीकडे कुणी बोलत असलं की शब्द कळत नाहीत, पण कोण बोलतंय ते कळतं. आई मला हाक मारायच्या, "काय वं दीप्ती," तेव्हा शेवटचा सूर ओढून हळूच खाली सोडायच्या. तो सूर मी ऐकला. बाबांच्या बनियनखालून.

लाईट आली. कूलरने सगळं गिळून टाकलं.

मी स्वतःला समजावलं. आतड्यात हवा असते, पाणी असतं, ती हलतात. ढगात माणसाला चेहरे दिसतात, तसे कानालाही भास होत असतील. हे सगळं खरंच होतं. तरी त्या दिवसापासून बादली भरताना मी नळ बारीक सोडायला लागले, दिवाणाकडे कान ठेवून.

४

नागसेन बाबांच्या खोलीत जात नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. बँकेतून आला की तो सरळ स्वयंपाकघरात यायचा आणि तिथेच चहा प्यायचा.

"बाबांजवळ काहून बसत नाही तू?" मी विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. "मले रडू येते तिथं."

"कशाचं?"

"मायचा वास येते." त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "मले वाटलं, मीच येडा होऊन राहिलो. तुले बी येते काय?"

मी डॉक्टर म्हणाल्या ते सांगितलं. त्याने डोळे पुसले, मान हलवली. आवाजाचंही सांगितलं, तेव्हा मात्र त्याने कप उचलून सिंकमध्ये ठेवला. "पोट आहे ते दीप्ती, वाजणारच," एवढंच म्हणाला. पण त्या संध्याकाळीही तो पुढच्या खोलीत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पोर्चमध्ये पालकाची जुडी घेऊन बसलेले दिसले. ज्या माणसाने आयुष्यभर पान्हे आणि नटबोल्ट हाताळले, तो अंगठ्याच्या नखाने देठ खुडत होता, पान उलटं करून झटकत होता. अगदी आईंसारखं. मी पायरीवर बसले.

"तुले बी ऐकू येते न?" त्यांनीच वर न बघता विचारलं.

"बाबा, आपण आत्मा मानत नाही," मी म्हटलं.

"मी कुठी आत्मा म्हणून राहिलो?" ते शांतपणे म्हणाले. "आत्मा-बित्मा काही नसते, मले बी समजते. तुळसा मेली. या हातानं अग्नी देला तिले. पण तू सांग, आपण तिले घाटावर नेलं, तवा तिचं एवढंसं त्या दवाखान्याच्या फ्रीजमधी होतं न? जितं होतं. जितं होतं म्हणूनच डॉक्टरीणबाईनं माह्या आत टाकलं. मेलेलं टाकून काय फायदा होता?"

त्यांच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती, हीच पंचाईत होती.

"आणि तुम्ही?" मी विचारलं. कारण गेले काही दिवस मला ते खुपत होतं. बाबांना स्वतःचा एक वास होता, लोखंडाचा आणि दाढीच्या साबणाचा. तो आता उरला नव्हता. त्यांच्या उशीला नव्हता, टॉवेलला नव्हता. "तुम्ही कुठे आहात बाबा?"

"आहो न. थोडं सरकून बसलो." ते हसले. "चाळीस वर्सं तिनंच जागा करून देली मले. आता माही पाळी."

जुडी संपली. त्यांनी देठं एका बाजूला, पानं एका बाजूला केली आणि तळहात पोटावर ठेवून तसेच बसून राहिले, शेजारी बसलेल्या माणसाच्या हातावर हात ठेवावा तसे.

५

जूनच्या सुरुवातीला बाबांना ताप भरला. आधी हुडहुडी, मग अंग भट्टीसारखं. लघवीला जळजळ होते म्हणाले. दवाखान्यात नेईपर्यंत त्यांची जीभ जड झाली होती.

डॉ. रितिका रिपोर्ट बघून बाहेर आल्या. "संसर्ग किडनीपर्यंत गेलाय. रक्तात उतरला तर हातात काही राहणार नाही. अँटिबायोटिक आत्ता सुरू करावं लागेल, तेही तगडं."

"आणि आतड्यातलं?" मी विचारलं.

"जाईल. बहुतेक सगळंच जाईल. त्याचं नंतर पाहू, दुसरा कोणी दाता शोधू. आधी माणूस वाचू दे."

सिस्टर सुई घेऊन आल्या. बाबांनी दोन्ही हात पाठीखाली दाबून घेतले.

"नाही," ते म्हणाले. ताप होता, पण डोळे स्वच्छ होते. "तुळसाले दुसऱ्यांदा जाळू देणार नाही मी."

डॉक्टरांनी समजावलं. नागसेनने पाय धरले. "बाबा, माय तर गेली न गा! आता तुमी बी जाता काय? मी कोणाकडे पाहू?"

बाबांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं. पण हात बाहेर आले नाहीत. शुद्धीवर असलेल्या माणसाला जबरदस्तीने औषध देता येत नाही, डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, शुद्ध हरपायची त्या वाट बघत होत्या, आणि तोवर उशीर होईल अशी भीतीही त्यांना होती.

६

ती दुपार. नागसेन खाली रक्ताचे नमुने द्यायला गेला होता. खोलीत मी आणि बाबा. ते गुंगीत होते, ओठ पांढरे पडलेले, पण हात अजून पाठीखाली.

मी उठून एसी बंद केला. खोली शांत झाली. मग मला स्वतःलाच हसू येईल असं काम मी केलं. चादर बाजूला सारली, आणि माझ्या मुलीने ठेवला होता तसा कान बाबांच्या पोटावर ठेवला. कातडी इतकी तापलेली, की कान भाजतो की काय असं वाटलं.

"आई," मी म्हटलं, "माझं ते ऐकत नाहीत. तुम्हीच सांगा त्यांना."

आधी काहीच नाही. लांब कुठेतरी स्ट्रेचरची चाकं वाजत गेली. मग, अगदी कानाच्या पडद्याशी, तो सूर. वर चढणारा, थांबणारा, ओढून खाली सोडलेला. आई होत्या. शब्द एकही नाही, पण बाबांना रागे भरताना त्यांचा आवाज कसा ठाम आणि मऊ व्हायचा, तसाच. मला रडू आलं. मला वाटलं, इथेच कान ठेवून पडून राहावं.

मग आई थांबल्या, आणि त्यांना कुणीतरी उत्तर दिलं.

तो आवाज आईंचा नव्हता. अधिक खोलातून आला होता, घोगरा, सपाट, खूप म्हाताऱ्या बाईचा. तिच्या मागून आणखी एक. त्या दोघींच्या मागे आणखी कितीतरी. विहारात वंदना सुरू व्हायच्या आधी आपण दारात चपला काढत असतो आणि आत बसलेल्या बायकांची कुजबुज ऐकू येते, तसं. आईकडून बाळाला जन्मतानाच पहिले जिवाणू मिळतात, हे मी भूमीच्या वेळी ऐकलं होतं. आईंना त्यांच्या आईकडून मिळाले असतील, तिला तिच्या आईकडून. पण त्या मागे बसलेल्यांच्याही मागे काहीतरी होतं. ते बोलणं नव्हतंच. बोलणं म्हणून काही सुरू व्हायच्या आधीचं गुणगुणणं होतं ते, आणि त्याला शेवट नव्हता.

तरी मी कान उचलला नाही.

आणि एकाएकी त्या सगळ्या गप्प झाल्या. एकाच क्षणी. दारात कुणी ऐकत उभं आहे हे लक्षात आल्यावर आतली माणसं गप्प होतात, तशा.

मी झटकन मागे सरले. बाबांचे डोळे उघडे होते. त्यांनी सावकाश उजवा हात पाठीखालून काढला आणि गादीवर, तळवा वर करून, पसरला.

"बोलाव सिस्टरले," ते म्हणाले. "घे म्हणते."

"अजून काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, तुमी राहा," बाबा म्हणाले. "आमी जातो."

७

बाबा वाचले. घरी आले तेव्हा आईंचा वास निम्म्यावर आला होता. थोड्याच दिवसांत तो गेला. भूमीने एकदा दुपारी त्यांच्या पोटाला कान लावला, जरा वेळ थांबली, आणि उठून खेळण्यांकडे निघून गेली. पुन्हा तिने ते केलं नाही. बाबांना आता कसलाच वास नव्हता. दुकानातून नुकत्याच आणलेल्या स्टीलच्या डब्यासारखे झाले होते ते. ते रडले नाहीत. पोर्चमध्ये बसायचे, भाजीला मात्र हात लावायचे नाहीत. नागसेन आता संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसायचा, दोघं तिथेच चहा प्यायचे.

डॉक्टरांना भीती होती तेच झालं. ऑगस्टमध्ये पोट पुन्हा बिघडलं. या वेळी बाबांचा जीव फारच थोडा उरला होता. दाता शोधायचा होता. नागसेनच्या तपासणीत साखर निघाली, तो बाद झाला. माझे सगळे रिपोर्ट स्वच्छ आले.

डॉ. रितिका खूश झाल्या. मी घरी येऊन न्हाणीघरात दार लावून बसले.

माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली. तिचा एकही फोटो नाही. मला वाढवलं मावशीने, आणि आईबद्दल विचारलं की ती डोळ्याला पदर लावायची, म्हणून मी विचारणं सोडून दिलं. मावशीही आता नाही. वडील तर मला आठवतच नाहीत. आजवर मला वाटायचं, माझ्या मागे कुणी नाही. आता कळत होतं, तसं कुणाचंच नसतं. मी एकटीने काही देणार नव्हते. माझ्या मागे ज्या कोणी बसल्या असतील, त्या माझ्याबरोबर त्या म्हाताऱ्या माणसाच्या आत जाणार होत्या, आणि त्या कोण, कशा, मला काहीच माहीत नव्हतं.

बाहेर बाबांना खोकला आला. खोकताना त्यांना मान सावरवत नव्हती. मी तोंड धुतलं, बाहेर आले आणि डॉक्टरांना फोन करून हो म्हटलं.

ऑक्टोबरच्या उन्हात बाबा पुन्हा पोर्चमध्ये बसायला लागले. दंड भरत होते. चेहऱ्यावर तजेला आला होता. मी मुद्दाम त्यांच्या फार जवळ जात नव्हते. आपला वास आपल्याला येत नाही, त्यामुळे त्यांच्याकडून कसला वास येतो, ते मला कळलंही नसतं.

एका दुपारी त्यांनीच हाक मारली. भूमी जेवून आत झोपली होती. सकाळपासून माझ्या मीटिंगवर मीटिंग सुरू होत्या, नुकतीच मोकळी झाले होते. बाबा दिवाणावर टेकून बसले होते आणि काहीसे संकोचलेले दिसत होते.

"एक विचारू काय दीप्ती? राग नोको येऊ देऊ."

"विचारा न बाबा."

"तुले लहानपणी कोणी गुंजी म्हणत होतं काय?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मावशी मला दीप्तीच म्हणायची. "माहीत नाही," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. हो की नाही हे सांगू शकेल असं जगात कुणी उरलं नव्हतं. "काहून विचारता?"

त्यांनी आपल्या शर्टाकडे पाहिलं. "नवी बाई आहे. मले ओळखत नाही, म्हणून लाजते. पोरगीच वाटते आवाजावरून, तुह्यापेक्षा लहान. दिवसभर तुहीच गोष्ट विचारत राह्यते."

हा एक म्हातारा माणूस आहे, मी मनाशी म्हटलं. कितीदा तरी मरणाच्या दारातून परत आलेला, बायको गेलेला, दिवसभर एकटा. बाकी काही नाही. बाकी काही असायचं कारण नाही.

"काय विचारते?" मी विचारलं.

"पोर जेवली काय, म्हणते."

गॅसवर भाजी झाकलेली होती. माझ्यापुरती कणीक अजून मळायची होती.

"सांगा तिले," मी म्हटलं, "जेवली म्हणून."

बाबांनी हात पोटावर ठेवला. बोलले काहीच नाहीत, नुसते मान जराशी कलती करून बसले. पंखा फिरत होता. गल्लीतून कुणाची तरी स्कूटर गेली, तिचा आवाज वळणापाशी जाऊन विरला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार मायेने.

"खोटं बोलून राहिली, म्हणते."